खतच घालायचं नाही, हीच तर गंमत!

ग्रेट डिक्स्टर या इंग्लंडमधल्या बागेवरचा लेख छान आहे, पण तिथल्या फुलांच्या कुरणाला दोनच ओळी? घर, वास्तुकार लुटियन्स, यू झाडांचे कापून केलेले मोर हे सगळं ठीक आहे हो, पण मला विचाराल तर खरी मजा त्या गवतात आहे. ही बाग नावारूपाला आणणाऱ्या ख्रिस्तोफर लॉइडच्या आईने, डेझीने, फ्रिटिलरीची रोपं बियांपासून वाढवून तिथे लावली, जांभळी चौकटी-चौकटीची फुलं असतात ती. आणि खत अजिबात नाही, कारण जमीन सुपीक झाली की गवत माजतं आणि फुलं दबून जातात. म्हणून ऑगस्टपर्यंत थांबायचं, बी गळू द्यायचं, मग कापून सगळं गवत उचलून बाहेर न्यायचं. शिवाय यलो रॅटल नावाची अर्धी परजीवी वनस्पती असते, ती गवताच्या मुळांतूनच रस चोरते, म्हणजे फुकटचा माळीच म्हणा ना. आपल्या कास पठारावर पण माती पातळ आणि निकृष्टच आहे की, तरी बघा काय फुलतं ते!

बाकी लुटियन्सने आखलेली गुलाबबाग उखडून लॉइडने तिथे केळी, कॅना लावल्या तेव्हा भलतीच बोंबाबोंब झाली होती म्हणे. आमच्या आईने तर दोन दिवस जेवण सोडलं असतं 😄