१३४ पराभवांचं खापर

अमेरिकन बेसबॉलमधला सर्वांत भिकार संघ कोणता, असा विषय निघाला की १८९९ सालच्या क्लीव्हलँड स्पायडर्सचं नाव ठरलेलं. १५४ सामने, २० विजय, १३४ पराभव. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना या आकड्याची भीषणता चटकन जाणवत नाही. बेसबॉलमध्ये जवळजवळ रोज सामना असतो आणि तळातला संघसुद्धा तीन-चार सामन्यांत एखादा मारून नेतो. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले तेव्हा त्यांची केवढी टिंगल झाली. तरी त्यांनी ४१ जिंकले होते. स्पायडर्सनी लागोपाठ दोन सामने जिंकले ते अख्ख्या मोसमात एकदाच. मध्ये एकदा सलग २४ हरले, आणि शेवटच्या ४१ पैकी ४०.

लोक हसतात. मला मात्र हे सगळं वाचताना राग येतो, कारण हा संघ कुणीतरी बसून, हिशेब करून असा बनवला होता.

फ्रँक आणि स्टॅनली रॉबिसन हे दोघे भाऊ क्लीव्हलँडचे मालक. फ्रँकचा धंदा ट्रामचा. १८९१ मध्ये त्यानं लीग पार्क हे मैदान बांधलं तेही आपल्या ट्रामच्या मार्गावर, म्हणजे प्रेक्षक तिकिटाचे पैसे देणार ते देणारच, वर येण्या-जाण्याचं भाडंही त्यालाच. संघ चांगला होता. साय यंगसारखा पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा), जेसी बर्केटसारखा बॅटर, १८९५ मध्ये बॉल्टिमोरला हरवून जिंकलेला टेंपल कप, म्हणजे लीगमधल्या पहिल्या दोन संघांच्या लढतीचा चषक. १८९८ मध्येही ८१ विजय. पण प्रेक्षक पुरेसे येत नव्हते, आणि सुट्टीचा दिवस म्हणावा तर रविवारी खेळायला मनाई. १८९७ मध्ये रॉबिसननं हट्टानं रविवारचा सामना ठेवला तर पोलिसांनी मैदानात येऊन खेळाडूंनाच पकडलं. इथपर्यंत मला त्याची बाजू समजते. धंदा करणाऱ्या माणसाला गल्ला लागतोच.

पुढचं नाही समजत. १८९९ च्या सुरुवातीला सेंट लुईसचा संघ दिवाळखोरीत निघाला आणि लिलावात शेवटी रॉबिसन बंधूंच्या हातात आला. शहर मोठं, रविवारी खेळायला मोकळीक. एकाच लीगमध्ये एकाच घरात दोन संघ! आज ऐकायला विचित्र वाटतं, पण हे संघ ज्यात खेळायचे त्या नॅशनल लीगला तेव्हा त्याचं काही वावडं नव्हतं. ब्रुकलिन आणि बॉल्टिमोरची मालकीही अशीच एकमेकांत गुंतलेली होती. मग साय यंग, बर्केट, बॉबी वॉलेस, मॅनेजर पॅटसी टिबो, सगळे सेंट लुईसला रवाना. त्या संघाचं नवं नाव ठेवलं 'परफेक्टोज'. आणि १८९८ मध्ये १११ सामने हरून तळाला गेलेल्या सेंट लुईसचा बराचसा गाळ क्लीव्हलँडच्या पदरात पडला. साय एका भांड्यात, खरवड दुसऱ्यात. १५ एप्रिलला मोसमातला पहिलाच सामना याच दोन संघांचा लागला. सेंट लुईसमध्ये साय यंगनं आपल्याच जुन्या संघाला १०-१ असं धुतलं.

बरं, एकदा वाटणी करून तरी थांबावं? लाव्ह क्रॉस हा क्लीव्हलँडचा मॅनेजर, स्वतः उत्तम तिसरा बेसमन, म्हणजे तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक. ३८ पैकी ८ सामने जिंकून देईपर्यंत त्यालाही जूनमध्ये सेंट लुईसला उचललं. विली सडहॉफ हा बरा पिचर होता, तोही गेला. या संघात चांगलं खेळण्याचं बक्षीस म्हणजे संघातून उचलबांगडी. राहिले ते ज्यांना कुणी उचललं नाही ते.

लीग पार्कवर ४२ सामन्यांना मिळून ६,०८८ माणसं आली. सामन्याला सरासरी १४५. आपल्याकडे गावच्या टेनिसबॉल स्पर्धेच्या फायनलला याहून जास्त गर्दी जमते. तेव्हा तिकिटाच्या पैशात पाहुण्या संघाचाही वाटा असायचा, आणि १४५ माणसांच्या तिकिटातून रेल्वेचं भाडं नि हॉटेलचं बिलही सुटेना. मग बाकीचे संघ क्लीव्हलँडला यायलाच नको म्हणू लागले. परिणाम असा की स्पायडर्सनी ११२ सामने परगावी खेळले आणि त्यातले १०१ हरले. आज एका संघाचे बाहेरचे सामनेच ८१ असतात, त्यामुळे हा विक्रम कुणाला मोडायचा म्हटला तरी मोडता येणार नाही. वर्तमानपत्रांनी त्यांना 'भटके', 'हद्दपार' अशी नावं ठेवली.

आता या खेळाडूंना 'मग सोडून का नाही गेले' असं कुणी विचारेल. जाणार कुठे? तेव्हा मोठी लीग एकच. करारात राखीव कलम, म्हणजे मोसम संपला तरी खेळाडू मालकाचाच, आणि वर्षाच्या पगारावर २,४०० डॉलरची कमाल मर्यादा. मालकाला दोन संघ चालतात, खेळाडूला दुसरा मालक शोधायची मुभा नाही. जिम ह्यूई त्या वर्षी ३० सामने हरला. एका मोसमात ३० पराभव पत्करणारा त्याच्यानंतर मोठ्या लीगमध्ये कुणी झाला नाही. म्हणजे सव्वाशे वर्षं हा माणूस कोष्टकात त्याच जागी. क्रॉसनंतर मॅनेजर झाला जो क्विन, जन्मानं ऑस्ट्रेलियन. त्याचा जोडधंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा (खरंच! मी जुळवून सांगत नाहीये). त्याच्या नावापुढे १२ विजय, १०४ पराभव. रॉबिसनच्या नावापुढे काहीच नाही.

१५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत शेवटचा सामना. तिथल्या हॉटेलात सिगार विकणाऱ्या एडी कोल्ब नावाच्या पोराला त्यांनी पिचर म्हणून उभं केलं. १९-३ हरले. हा किस्सा सगळे हसत हसत सांगतात. माझ्या मते जवळजवळ अख्खा मोसम परगावी काढलेल्या माणसांनी घातलेला हा धुडगूस नव्हता, वर्षभर चाललेल्या थट्टेला दिलेलं ते उत्तर होतं. असो, हे माझं मत.

आणि एवढं करून परफेक्टोज कितवे आले? पाचवे. मोसम संपल्यावर लीगनं १२ संघांचे ८ केले, त्यात क्लीव्हलँडवर काट मारली. सेंट लुईसचा संघ मात्र पुढे कार्डिनल्स झाला, ११ वर्ल्ड सिरीज (मोसमाअखेरची विजेतेपदाची मालिका) जिंकला. १९११ मध्ये स्टॅनली वारल्यावर तो फ्रँकची मुलगी हेलन ब्रिटनकडे गेला. मोठ्या लीगमधल्या संघाची पहिली स्त्री मालक म्हणून तिचं नाव इतिहासात आहे. घराण्याचं काही बिघडलं नाही.

एका मालकाकडे दोन संघ हे आज मेजर लीगमध्ये चालत नाही. पण आपलाच संघ रिकामा करून 'लोक येत नाहीत' म्हणून रडायला नियमाची आडकाठी कुठे आहे? ऑकलंडच्या मेजर लीग संघानं चांगले खेळाडू विकले, पगाराचा खर्च छाटला, २०२३ मध्ये ११२ सामने हरले, आणि मालक शहर सोडायच्या तयारीत. त्या वर्षी १३ जूनला प्रेक्षकांनी ठरवून मैदान भरवलं. २७,७५९ लोक, 'संघ विका' अशी घोषणा देत. संघ २०२४ नंतर ऑकलंडमधून गेलाच. तिथल्या प्रेक्षकांना दोष देणाऱ्या पोस्टी तेव्हा खूप वाचल्या, म्हणून हे एवढं लिहिलं. पटत नसेल तर खाली भांडा, पण ह्यूई आणि क्विनवर हसू नका.