३१ जूनची बैठक

जालन्यात मे महिन्यात दोन गोष्टी हमखास तापतात. एक स्टीलच्या भट्ट्या, दुसरी बियाणे कंपन्यांची ऑफिसं. मृग तोंडावर, डीलरचे फोन, उगवणक्षमतेचे अहवाल, ट्रान्सपोर्टवाल्याची रडारड. नेमका हाच मुहूर्त धरून आमच्या कंपनीनं शेअरपॉइंट बदललं, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या फाइल्स एका जागी ठेवायची मायक्रोसॉफ्टची यंत्रणा.

जुनं आमचं २०१३ सालचं. लोखंडी कपाटामागच्या सर्व्हरवर ते असायचं आणि त्या सर्व्हरच्या उबेला एकदा ऑफिसातली मांजर व्याली होती, एवढाच त्याचा सामूहिक वापर. त्या आवृत्तीला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार एप्रिल २०२३ मध्ये अधिकृतपणे संपला. पुढं वर्षभर आम्ही विनाआधार काढलं. सवय असते.

नवीन सगळं क्लाउडवर. पुण्याहून एक चुणचुणीत पोरगा व्हिडिओ कॉलवर शिकवायला आला. ‘आता तुमच्या सगळ्या फाइल्स ढगात,’ असं तो म्हणाल्याबरोबर मागं चहा ठेवणारे मामा थबकले. ‘सर, आमच्याकडं ढगावर कुणी भरवसा ठेवत नसतं,’ म्हणाले आणि कपबशा उचलून गेले. पोराला ते कळलं नाही. पुणेकर.

तसं पाहिलं तर सुधारणा खऱ्या होत्या. आधी फाइलच्या नावात ‘&’ चालत नव्हता. आमचे निम्मे डीलर ‘अमुक & सन्स’ किंवा ‘तमुक & ब्रदर्स’. तो आता चालू लागला. तिरकी रेघ मात्र तेव्हाही चालत नव्हती, आताही नाही. आता जावक क्रमांकात तिरकी रेघ नसेल तर ते पत्र कसलं? ‘जा.क्र./विक्री/परभणी/११२’ हे नाव टाकलं की पाटी येते, हे चिन्ह चालत नाही. पोरगा म्हणाला, ‘सर, डॅश द्या ना.’ आमच्या आवक-जावक बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं असं बघितलं, की बिचाऱ्यानं स्वतःचा कॅमेराच बंद केला.

मग चेक-आउटचं प्रकरण. आमचे परभणीवाले साहेब फिल्डवरचे, महिन्यातले पंधरा दिवस लॉजवर. त्यांनी दरपत्रक उघडलं, चेक-आउटचं बटण दाबलं आणि मेव्हणीच्या लग्नाला मानवतला गेले. झालं. दरपत्रक आम्हाला दिसायचं, पण हात लावता येईना. तीन दिवस सगळा जिल्हा जुन्या भावात. फोन लावावा तर बँडबाजा. चौथ्या दिवशी सापडले.

‘अहो, फाइल तुम्ही कामून धरून बसलात?’

‘मी कुठं धरून बसलो? चेक-आउट करून गेलो की! लॉजवर चेक-आउट केलं की खोली दुसऱ्याला मिळत असते.’

बोला. माणूस व्यवहारानं बरोबर होता. इथं मात्र चेक-आउट म्हणजे आतून कडी, आणि खोली सोडायची तर चेक-इन. पुण्याचा पोरगा म्हणाला, मी कडी तोडू शकतो, पण त्यांनी केलेले बदल जातील. त्यांनी बदल काहीच केले नव्हते. नुसती कडी लावून गेले होते.

लिंकचीही एक गंमत सांगतो. घरच्या सोयाबीनची उगवण कशी तपासायची याचं पत्रक आम्ही शेतकऱ्यांसाठी केलं होतं: शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सत्तर उगवले तर पेरायला हरकत नाही. फाइलचं नाव चांगलं मराठीत दिलं. पत्त्याच्या पट्टीतून लिंक उचलली, तर नुसती टक्क्यांची चिन्हं आणि आकडे! मराठीतल्या एकेका अक्षराचे आणि काना-वेलांटीचे तिथं नऊ-नऊ तुकडे होतात. नुसता ‘सोयाबीन’ त्रेसष्ट घरांचा. ती लांबलचक आगगाडी एका डीलरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्यानं ती फसवणुकीची समजून मला ब्लॉक केलं आणि वर साहेबांना फोन करून माझं खातं हॅक झाल्याचं कळवलं.

इथवर ठीक होतं. माझा घात केला आपोआप जतन होण्यानं.

जुन्या काळी वर्डमध्ये काहीही लिहून ठेवावं आणि बंद करताना ‘बदल जतन करायचे का?’ विचारलं की ‘नको’ म्हणावं. त्या एका ‘नको’वर माझी सोळा वर्षांची नोकरी टिकली आहे. आता विचारणंच बंद. टाइप केलं की गेलं ढगात.

डीलर बैठकीचं पत्र मी लिहीत होतो. दुसऱ्या परिच्छेदात साहेब दरवर्षी कंपनीचा इतिहास घालतात, तो नंतर बघू म्हणून मी खुणेला कंसात लिहिलं: ‘(इथे साहेबांचं नेहमीचं पुराण).’ तेवढ्यात कोपऱ्यात एक जांभळा गोल उगवला. त्यात साहेबांच्या नावाचं अक्षर. एकाच फाइलवर अनेकांनी एकदम काम करण्याची जी सोय शिकवली होती, ती ही. जांभळा कर्सर पहिल्या ओळीपासून शांतपणे खाली येऊ लागला. मायन्यापाशी थांबला. एक स्वल्पविराम काढला. मी कंस पुसायला धावलो, पण घाईत माउस टेबलाखाली पडला. वर येऊन बघतो तर जांभळी रेघ ‘पुराण’ या शब्दाच्या शेजारी लुकलुकत उभी.

ती तिथं किती वेळ होती कुणास ठाऊक. कूलर चालू असून मला घाम फुटला. मग जांभळ्या रेघेनं कंस उडवला आणि त्या जागी सावकाश टाइप केलं, ‘आपल्या कंपनीची स्थापना...’

समोरासमोर ते काही बोलले नाहीत. मला वाटलं निभावलं. पण त्या पोरानं शिकवलेली आणखी एक चीज होती, व्हर्जन हिस्टरी. फाइलच्या पाचशे जुन्या आवृत्त्या जपून राहतात, प्रत्येकीवर कुणी आणि किती वाजता हे नोंदवलेलं. पुसलेली फाइलसुद्धा त्र्याण्णव दिवस कचरापेटीत श्वास घेत असते. दुपारी अकाउंट्सवाल्यांनी ती हिस्टरी उघडली आणि संध्याकाळपर्यंत अख्खं ऑफिस मला ‘पुराणिक’ म्हणू लागलं.

दोन दिवसांनी पत्र गेलं. तिसऱ्या दिवशी अंबडच्या डीलरचा फोन. ‘बैठक ३१ जूनला ठेवलीय म्हणता. येतो की. फकस्त तो दिवस कुठल्या कॅलेंडरात हाय तेवढं सांगा.’

साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. ‘ही तारीख कुणी टाकली?’ आवाज असा की मामांनी चहा दाराबाहेरच ठेवला. पूर्वी अशा प्रश्नावर आम्ही सगळे छताच्या पंख्याकडं बघायचो आणि दोष पंख्याला लागून हवेत विरायचा. आता अकाउंट्सवाल्याच्या हातात लॅपटॉप उघडा होता. त्यानं काही न बोलता तो साहेबांसमोर सरकवला. सकाळी अकरा वाजून सात मिनिटं. जांभळा.

कुणीच हसलं नाही. परभणीवाले तेवढे खोकले.

साहेबांनी लॅपटॉप बंद केला. मग ड्रॉवरमधून लाल पेन काढलं. ‘पत्राची प्रिंट आणा.’ आणली. कागदावर त्यांनी ३१ खोडून ३० केलं, खाली सही ठोकली आणि माझ्याकडं दिलं. ‘यापुढं पत्रं अशी जातील. स्कॅन करून चढवा.’

स्कॅन केलं. चढवायला गेलो आणि आवक-जावक बाईंनी दिलेलं नाव टाइप केलं, ‘जा.क्र./विक्री/जालना/११३’. पाटी आली, हे चिन्ह चालत नाही. बाई माझ्या खुर्चीमागंच उभ्या होत्या.