नवसागर, जोतिबाचा डोंगर आणि माझी एक चूक

नमस्कार. कल्हईवरच्या लेखावर तुम्ही मला चांगलंच धारेवर धरलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नवसागर (म्हणजे अमोनियम क्लोराइड) कारखान्यात बनतो आणि दुकानात पुडीत मिळतो, त्याला ‘ज्वालामुखीच्या तोंडाशी सापडणारं दुर्मिळ खनिज’ म्हणणं ही फेकाफेक आहे. तसं असतं तर अख्खं कोल्हापूर ज्वालामुखीच्या दगडावर वसलंय, मग जोतिबाच्या डोंगरात तो का मिळत नाही? शिवाय ‘तापल्या भांड्यावर नवसागर वितळतो’ हे माझं वाक्य चूक आहे.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथं तुमचं बरोबर आहे. नवसागर वितळत नाही. ३४० अंशांच्या आसपास त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात, आणि जरा गार जागा मिळाली की ते पुन्हा एकत्र येऊन पांढरी पूड धरते. शिवाजी पेठेत दारात कल्हईवाला भाता मारायला बसला की जो पांढरा धूर उठायचा आणि आजी आम्हाला लांब हाकलायची, तो हाच. तांब्यावरचा काळा थर नवसागरानं सुटतो, म्हणून कापसाच्या बोळ्यानं फिरवलेलं कथील भांड्याला धरतं.

आता हीच गोष्ट इटलीतल्या व्हेसुव्हियस किंवा एटना ज्वालामुखीच्या भेगेशी बघा. आतून कढत वायू येतात, भेगेच्या काठाशी गार होतात आणि दगडावर पांढरी-पिवळसर खपली धरते. द्रवरूप मध्ये येतच नाही. मिठाच्याच कुळातलं, म्हणजे हॅलाइड खनिज.

अमोनिया कुठून येतो, हा जास्त मजेदार प्रश्न. १८४५ मध्ये आइसलँडच्या हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला. पुढच्या वर्षी रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन तिथं गेले (हो, प्रयोगशाळेतल्या बुन्सेन बर्नरवालेच). लाव्हा गवताळ जमिनीवरून गेला होता तिथं त्यांना नवसागर दिसला, आणि त्यांनी तो जळालेल्या गवताच्या खात्यावर टाकला. पण ज्वालामुखीच्या मुखातल्या भेगांशीही तो सापडतो, आणि तिथं गवत कुठलं? ताजिकिस्तानात तर जमिनीखाली धुमसणाऱ्या कोळशाच्या थरांवरही तो धरतो. आपला शब्दही तिकडच्याच वाटेचा, फारसी ‘नौशादर’चा भाऊबंद. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही.

मग जोतिबावर का नाही? आपला दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि शंभर ग्रॅम पाण्यात नवसागर सदतीस ग्रॅम विरघळतो. गगनबावड्याचा पावसाळा लांब राहिला, वळवाच्या दोन सरी पुरेत. पुण्या-नाशकाकडच्या खाणींत झिओलाइट खनिजांचे देखणे स्फटिक मिळतात, ते लाव्हा थिजल्यावर पोकळ्यांत शिरलेल्या पाण्यातून नंतर तयार झाले. ते पाण्यात असे विरघळत नाहीत, म्हणून उरले. इथल्या भेगांशी कधी काळी नवसागर धरलाही असेल, पण त्याचा मागमूस राहणार कसा?

त्यामुळे ‘दुर्मिळ’ हा शब्द मी मागे घेत नाही. पुडीतला नवसागर मुबलक आहे, पण तो खनिज नाही. खनिज म्हणजे निसर्गात आपोआप तयार झालेलं. रंकाळ्यावर गोळ्यासाठी किसतात तो बर्फ खनिज नाही, हिमालयातला आहे. दोन्ही पाणीच. तुमच्या कारखान्याचं आणि माझ्या ज्वालामुखीचं भांडण एवढंच आहे.

नवसागर हातभट्टीच्या दारूतही पडतो, हा तुमचा टोमणाही पोचला. दारूसाठी आंबत घातलेल्या गुळाच्या रसायनात नवसागर टाकतात तो यीस्टला नायट्रोजन मिळावा म्हणून. गूळ आमच्या जिल्ह्याचा असला तरी त्या पाककृतीची जबाबदारी मी घेणार नाही!

तरी शंका असेल तर चिमूटभर नवसागरात तंबाखूचा ओला चुना कालवा, बशीत, हातावर नको. वास आपोआप येईल, नाक जवळ नेऊ नका. भेगेतून येणाऱ्या जोडगोळीतला एक वायू तुम्हाला घरबसल्या भेटेल. ‘वितळतो’ हा शब्द मी आजच लेखात दुरुस्त करतोय.