एकदा निगेटिव्ह, म्हणजे कायमचा निगेटिव्ह

तीन आठवडे उलटूनही ज्याच्या तापाचे कारण सापडत नाही असा रुग्ण समोर आला, की डॉक्टरमहोदय, आपण प्रथम त्याच्या फाईलमधून पहिल्या दिवसाचा ‘मलेरियाचे परजीवी आढळले नाहीत’ हा कागद शोधून काढावा आणि विषय तिथेच मिटवावा. रक्त नेमके केव्हा घेतले होते, काचेवर जाड थर केला होता की नुसता पातळ, तपासणाऱ्याने सूक्ष्मदर्शकाखाली १०० क्षेत्रे पाहिली की घड्याळाकडे बघत दहातच सही ठोकली, असले खोचक प्रश्न सभ्य माणसाला शोभत नाहीत. १२ ते २४ तासांच्या अंतराने किमान तीनदा रक्त तपासावे, असे पुस्तके सांगतात खरी. पण पुस्तकांना कुठे कोणाचे बोट टोचावे लागते?

मलेरियाच्या शिस्तीवर मात्र श्रद्धा अढळ असावी. थंडी, मग ताप, मग घाम, आणि तेही एक दिवसाआड, असा क्रम रुग्णाला पाळता येत नसेल, तर त्याला मलेरिया होण्याचा अधिकारच नाही. सुरुवातीच्या दिवसांत, आणि फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकारात तर पुष्कळदा, परजीवींच्या साऱ्या पिढ्या एकाच वेळी पेशी फोडून बाहेर पडत नाहीत, त्यामुळे ताप वाटेल तेव्हा चढतो. पण हा बेशिस्तपणा त्यांचा आहे, त्याचे उत्तर आपण का द्यावे? त्यांनी ग्रासलेल्या तांबड्या पेशी आतल्या अवयवांच्या केशवाहिन्यांना चिकटून बसतात आणि बोटातून काढलेल्या थेंबात कमीच उतरतात, हेही त्यांचेच कारस्थान.

दरम्यान अँटिबायोटिक्स बदलत राहावीत. त्यांत डॉक्सिसायक्लिन किंवा को-ट्रायमॉक्साझोल असल्यास सोन्याहून पिवळे, कारण ही औषधे मलेरियाच्या परजीवींनाही थोडी दाबतात. ताप चार दिवस नरमतो, रक्तातील परजीवींची संख्या घटते, पुढची काच कोरी दिसण्याची शक्यता वाढते, आणि आपण अगदी योग्य मार्गावर आहोत अशी नातेवाइकांची खात्री पटते. ताप पुन्हा चढला की विडालचा, म्हणजे टायफॉइडच्या चाचणीचा, कागद आहेच. मलेरियातही ती चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, ही क्षुल्लक बाब मनाला लावून घेऊ नये.

झटपट किटवर तर डोळे मिटून विसंबावे. एचआरपी-२ हे प्रथिन शोधणाऱ्या किटला ते प्रथिन बनवणारा जनुकच गमावलेले फाल्सिपेरम परजीवी दिसत नाहीत, आणि असे परजीवी पेरूमध्ये सापडल्याचे २०१० सालीच प्रसिद्ध झाले आहे. पण किटच्या खोक्यावर एवढे बारीक वाचतो कोण.

प्रवासाची चौकशी केलीच, तर ती गेल्या पंधरवड्यापुरती ठेवावी. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराचे सुप्त परजीवी यकृतात महिनोन्‌महिने, प्रसंगी काही वर्षेही, निवांत पडून राहू शकतात. त्यामुळे मागचा-पुढचा विचार करणारा प्रश्न विचारला, तर नको असलेले उत्तर मिळण्याचा धोका असतो. रक्त कधी चढवले होते का, हेही त्याच कारणासाठी विचारू नये.

लक्षणांची विभागणी हा तर आपल्या शास्त्राचा कळस. प्लेटलेट कमी असतील तर रक्तविकारतज्ज्ञ, कावीळ असेल तर यकृततज्ज्ञ, प्लीहा हाताला लागत असेल तर सीटी स्कॅन, आणि हिमोग्लोबिन उतरले असेल तर लोहाच्या गोळ्या. चारही गोष्टी एकाच माणसात, एकाच तापासोबत आल्या आहेत, हे कोणाच्या लक्षात आलेच, तर त्याला पेट स्कॅनची तारीख घ्यायला पाठवावे.

इतके करूनही रुग्ण टिकून राहिला, तर अस्थिमज्जा काढावी. तिच्यात एखाद्या पॅथॉलॉजिस्टला मलेरियाचे परजीवी दिसलेच, तर गडबडून न जाता ‘मलेरियाचे अत्यंत दुर्मीळ स्वरूप’ असे शीर्षक देऊन लेख लिहावा, आणि पहिल्या दिवसाचा तो कागद त्यात आवर्जून छापावा.