लेअर कट: सर्वांत आखूड बट कुठपर्यंत येणार?

लेअर कट करावा की नाही, हा निर्णय आपल्यापैकी बहुतेक जणी एखादा फोटो पाहून घेतात, आणि तो फोटो बहुधा ड्रायर व गोल ब्रश वापरून केस बसवल्यानंतर लगेच काढलेला असतो. माझे केस कमरेपर्यंत लांब, दाट आणि किंचित लाटदार आहेत. गेले काही महिने मी हा कट करण्याचा गंभीरपणे विचार करत आहे. या काळात जे समजले ते सविस्तर लिहावेसे वाटले, कारण ‘चेहऱ्याला शोभेल का?’ या प्रश्नापलीकडे या विषयावर फारसे बोलले जात नाही, आणि माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे.

सरळ कटमध्ये केस खाली मोकळे सोडून एका रेषेत कापले जातात. लेअर कटमध्ये बटा डोक्यापासून उचलून, अनेकदा ९० अंशांच्या कोनात धरून कापतात. त्यामुळे वरचे केस आखूड होतात आणि खालचे लांब राहतात. ‘लांबी अजिबात कमी होणार नाही’ हे पार्लरमधील आश्वासन त्यामुळे खरे असते, पण अपुरे असते. लांबी राहते, टोकांकडचा दाटपणा मात्र जातो. ज्यांचे केस भरपूर दाट आहेत, त्यांच्या डोक्यावरचा भार यामुळे हलका होतो आणि खाली त्रिकोणासारखा पसरणारा आकार सुटसुटीत होतो. ज्यांचे केस मुळातच विरळ आहेत, त्यांची वेणी मात्र शेवटाकडे उंदराच्या शेपटीसारखी दिसू लागते. विरळ केसांना लेअरमुळे भरीवपणा येतो, असे सर्रास सांगितले जाते. तो भरीवपणा डोक्याच्या वरच्या भागापुरता असतो आणि त्याची किंमत टोकांना मोजावी लागते.

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न एकच आहे: सर्वांत आखूड बट कुठपर्यंत येणार? कारण आपण वर्षातले बहुतेक दिवस केस मोकळे सोडत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये, स्वयंपाक करताना, उन्हाळ्यात घाम येत असताना आपण वेणी घालतो किंवा अंबाडा बांधतो. सर्वांत आखूड बट हनुवटीपर्यंत असेल, तर ती तिपेडी वेणीच्या पहिल्या दोन-तीन गुंफणींतच संपते आणि तिचे टोक बाहेर येते. त्याखालचा प्रत्येक थर आपापल्या उंचीवर तसाच बाहेर येतो. सागरवेणीत वरचे केस थोडे अधिक धरले जातात, पण टोके तिथेही सुटतातच. अंबाड्याला पिना जास्त लागतात. लग्नकार्यात नऊवारीवर खोपा घालायचा म्हटले, तर बटा चापूनचोपून बसवाव्या लागतात. गंगावन लावून लांबी मिळते, पण कानाजवळच्या आखूड बटांना त्याचा उपयोग नसतो. ज्यांना वेणी मनापासून आवडते (मी त्यांपैकी एक आहे), त्यांच्यासाठी ही बाब लहान नाही.

दुसरी गोष्ट परत फिरण्याची. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर. समजा, सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब थरांत ३० सेंटिमीटरचा फरक ठेवला, तर खालची टोके वरचेवर कापत राहिले तरी केस पुन्हा एका लांबीचे व्हायला दोन ते अडीच वर्षे लागतात. तोच फरक १० सेंटिमीटर असेल, तर काम ८ ते १० महिन्यांत होते. केस कापल्याने ते जोमाने वाढतात, ही समजूत घरोघरी आहे. पण वाढ मुळाशी होते, टोकाला काय कापले याचा तिच्यावर परिणाम होत नाही.

लाटदार आणि कुरळ्या केसांच्या बाबतीत आणखी सांभाळावे लागते. लांब केसांच्या वजनाने लाट ताणलेली असते. वजन कमी झाले की ती वर चढते. शिवाय ओले केस ताणले जातात आणि वाळल्यावर आखडतात, त्यामुळे ओलेपणी खांद्यापर्यंत ठरवलेला थर वाळल्यावर त्याच्या बराच वर जाऊ शकतो. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत केस ओलावा शोषतात, त्यांच्यातले, आकार धरून ठेवणारे हायड्रोजन बंध तुटून नव्याने जुळतात आणि ड्रायरने दिलेला आकार घराबाहेर पडताच मोडू लागतो. ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेतील अभिनेत्री जेनिफर ॲनिस्टन यांचा १९९० च्या दशकातला लेअर कट जगभर गाजला, पण केशरचनाकाराच्या मदतीशिवाय तो सांभाळणे अवघड होते, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. रोज सकाळी ड्रायर हातात धरायला वेळ आणि उत्साह असेल, तर खुशाल आखूड थर घ्यावेत. नसेल, तर आपले केस आपोआप वाळल्यावर कसे दिसतात, त्यावरूनच ठरवावे.

डेंग्यू किंवा टायफॉइडसारख्या तापानंतर, तसेच बाळंतपणानंतर, साधारण दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि बहुतेकींच्या बाबतीत ते पुढे काही महिन्यांत थांबते. त्या काळात घाबरून लेअर करून घेऊ नयेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. गळती थांबल्यावर डोक्यावर नव्या आखूड केसांचा एक थर आपोआप येतोच.

मी कट करून घेणार आहे, कारण माझे केस दाट आहेत आणि न्हाल्यानंतर ते तासन् तास वाळत नाहीत. मात्र पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये. सर्वांत आखूड बट खांद्याच्या चार बोटे खाली येईल, रेझर वापरायचा नाही आणि केस कोरडे असतानाच कापायचे, हे मी खुर्चीत बसण्याआधी सांगणार आहे. पार्लरमधल्या ताईंनी कात्री हातात घेण्यापूर्वी माझी वेणी घालून पाहावी, एवढी विनंतीही करणार आहे. त्यांना ते मान्य नसेल, तर त्या दिवशी फक्त टोके कापून घेईन.