जिवंत परतलेल्या फौजीचा सिनेमा

साताऱ्यातल्या आमच्या मित्रांमध्ये युद्धपटांवरचा वाद १९९७ साली 'बॉर्डर' आला तेव्हापासून चालू आहे. एका गटाला वाटतं, जे. पी. दत्तांनी फौजींचं नाव केलं. दुसरा म्हणतो, नुसती आरडाओरड. युद्धपट करावा तर गोऱ्यांनीच. मी दुसऱ्या गटातला. पण जर्मनीत, श्टुटगार्टजवळ, संसार थाटल्यापासून दोन्ही गटांशी माझं पटेनासं झालंय.

भडकपणाचं मला आता एवढं काही वाटत नाही. घरून आलेल्या पत्रांवरचं ते लांबलचक गाणं तर दत्तांचं सगळ्यात खरं काम आहे. माझं दुखणं वेगळं आहे. 'बॉर्डर' ज्या लढाईवर आहे त्या राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला ठाण्यावर डिसेंबर १९७१ मध्ये मेजर कुलदीपसिंग चांदपुरींकडे शंभर-सव्वाशे जवान होते आणि समोर पाकिस्तानी रणगाडे. हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, त्यामुळे जैसलमेरहून ती येईपर्यंत उजाडायची वाट बघत तग धरायचा होता. त्या रात्री चांदपुरींचे दोन जवान शहीद झाले. दोनच! माणसं राखून ठाणं राखलं, हाच तर तिथला पराक्रम. पडद्यावर मात्र माणसामागून माणूस पडतो. सुनील शेट्टीने रंगवलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड सिनेमात मरतात. खरे भैरोसिंग डिसेंबर २०२२ पर्यंत हयात होते.

गेलेल्या फौजीसाठी आपण कमान उभारतो, चौकाला नाव देतो. परतलेल्याचं काय? साताऱ्याकडे तर तो घरोघरी आहे. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि पुढची कित्येक वर्षं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले. 'बॉर्डर' त्यांना आवडला होता. फक्त थिएटरातून बाहेर पडताना म्हणाले, "एवढी माणसं मारायला नको होती रं."

नाना पाटेकरांनी १९९१ साली 'प्रहार' केला तो म्हणूनच मला आज जास्त मोठा वाटतो. त्यातला फौजी पीटर पाय गमावून मुंबईला घरी येतो आणि खंडणीखोरांच्या हातून मरतो. गल्लीतलं कुणी मध्ये पडत नाही. शेवटी त्याचा मेजर त्या गुंडांना स्वतःच मारतो, तो उपाय मला पटत नाही, पण फौजी घरी आल्यावर काय, हे विचारायची हिंमत नानांनी केली.

इथे जर्मनीत गावोगावी युद्धात गेलेल्यांच्या नावांचे दगड आहेत, एकेका आडनावाची तीन-तीन माणसं. नोव्हेंबरातल्या स्मरणदिनी त्यांच्यापुढे कुणी जयजयकार करत नाही. इथल्या बर्नहार्ड विकी या दिग्दर्शकाने १९५९ सालीच, हरत आलेल्या दुसऱ्या महायुद्धात एक निरुपयोगी पूल राखायला लावलेली शाळकरी पोरं पडद्यावर आणली. पण म्हणून साताऱ्याला 'तसले सिनेमे काढा' असं मी सांगणार नाही. हिटलरचं आक्रमण आणि लोंगेवालाचा बचाव एका तराजूत घालणं हा अन्याय आहे.

मला हवा आहे तो आपल्याच मातीतला सिनेमा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. त्यांचं स्मारक गावात आहे. त्याच युद्धातून जे जिवंत आले, त्यांनी त्या ४६ घरांत काय तोंडाने पाऊल टाकलं असेल? कुणीतरी हे दाखवावं. त्यासाठी दत्तांच्याच 'एलओसी कारगिल'सारखे चार तास लागले तरी मी बसून बघेन.