मुलीच्या लग्नापर्यंत तरी रंगव

"आमचे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत" हे वाक्य मी आजवर एकाही बाईच्या तोंडून ऐकलेलं नाही. काका म्हणतात, हेडमास्तर म्हणायचे, सोसायटीचे चेअरमन तर दर सभेत म्हणतात. बायकांचे बहुतेक उन्हानेच होत असावेत.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये पार्लरं बंद झाली आणि माझं रंगवणं सुटलं. बंडबिंड काही नव्हतं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, त्यामुळे दिवाळीपर्यंत भांगाच्या दोन्ही बाजूंना चांगला रुंद पांढरा पट्टा. त्याआधी वर्षभर कानामागे खाज, पुरळ चालूच होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं पीपीडी, म्हणजे पॅराफिनायलीनडायअमीन. काळ्या डायमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. मी म्हटलं, मग काळी मेंदी लावते. ते हसले. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस. पाकिटातली 'काळी' मेंदी काळी होते ती बऱ्याचदा ह्याच रसायनाने.

पण खाजेबद्दल कुणी विचारलंच नाही. "बरं नाही का गं तुला?" हा पहिला प्रश्न. "ह्यांना चालतं?" हा दुसरा. (ह्यांचे स्वतःचे पंचेचाळिशीतच पिकलेत आणि सगळे त्यांना रुबाबदार म्हणतात. तुला चालतं का, असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.) तिसरं नणंदेचं, अगदी काळजीने: "वहिनी, मुलीच्या लग्नापर्यंत तरी रंगव. पाहुणे आले की पहिली नजर आईवर जाते."

इथे मात्र मी गप्प झाले. म्हणजे माझं डोकं बघून लोक माझी लेक पंचवीस वर्षांनी कशी दिसेल ते ताडणार! 'गोरी, सडपातळ' असं उघड लिहायला आता काही जण तरी कचरतात. 'फेअर अँड लव्हली'नेसुद्धा 2020 मध्ये नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. आमच्या नणंदेकडे अजून जुनीच ट्यूब आहे. लेकीचं उत्तर सोपं होतं: "आधी मुलाच्या बाबांचं टक्कल दाखवा म्हणावं."

खोटं कशाला सांगू, नव्या ओळखीत अजूनही माझा हात भांगाकडे जातो.

आई 78 वर्षांची आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी हातमोजे घालून तिला डाय लावते. तिला कधी साधी खाजही आली नाही. परवा म्हटलं, "आई, आता पुरे की."

आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "तू रंगवत नाहीस म्हणून तर मला लावावं लागतं. लेकीचेच पांढरे दिसले की लोक माझं वय मोजायला बसतात. आणि कानामागे राहिलंय बघ."